अतिशीत तापमानात धातूंच्या स्फटिकांचे विरूपण

ताण काढून घेतल्यावरही धातूच्या स्फटिकाचा बदललेला आकार कायम राहतो, तेव्हा त्या बदलाला सुघट्य विरूपण म्हणतात. तापमान खूप उतरले की हे विरूपण कोणत्या वाटेने होते, आणि काही धातूंत ते होण्याआधीच तडा का जातो, हा या नोंदीचा विषय.

कोकणच्या उबदार किनाऱ्यावर हा प्रश्न परका वाटेल, पण तो तिथे रोजचा आहे. गुहागर तालुक्यात, वाशिष्ठीच्या मुखाजवळच्या दाभोळ टर्मिनलवर जहाजाने येणारा द्रवरूप नैसर्गिक वायू सुमारे उणे १६२ अंश सेल्सिअसला असतो. तो ज्या धातूला टेकतो, त्या धातूचा स्फटिक कसा आहे यावर सारे अवलंबून असते.

स्फटिकातला अणूंचा एक थर दुसऱ्यावरून एकदम सरकत नाही. खळ्यात पसरलेली ओली ताडपत्री ओढून हलत नाही. कडेला एक सुरकुती पाडून ती पुढे ढकलत नेली की सहज सरकते. स्फटिकातली अशी सुरकुती म्हणजे डिस्लोकेशन, अर्थात स्थानभ्रंश. टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तीन शास्त्रज्ञांनी १९३४ मध्ये स्वतंत्रपणे ही कल्पना मांडली.

तांबे, ॲल्युमिनियम, निकेल यांच्या पृष्ठकेंद्रित घनीय रचनेत (घनाच्या कोपऱ्यांवर आणि प्रत्येक पृष्ठाच्या मध्यावर अणू) ही सुरकुती अणूंनी दाट भरलेल्या पातळीवर सपाट पसरलेली असते. तिला हलवायला उष्णतेची फारशी मदत लागत नाही, म्हणून थंडीने ती अडत नाही. उलट, एकमेकांत अडकलेले स्थानभ्रंश थंडीत सहजासहजी सुटत नाहीत. जो भाग ताणला गेला तो लगेच कणखर होतो आणि ताण शेजारच्या भागावर जातो. त्यामुळे ॲल्युमिनियमची तार उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये अधिक बळकट होते आणि तुटण्याआधी अधिक लांबतेही. मला या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

लोखंडाचे तसे नाही. त्याच्या अंतःकेंद्रित घनीय रचनेत (घनाच्या कोपऱ्यांवर आणि मधोमध अणू) स्क्रू जातीच्या, म्हणजे ज्याच्याभोवती अणूंचे थर स्क्रूच्या आट्यांसारखे पिळलेले असतात अशा, स्थानभ्रंशाचा गाभा एकाच वेळी अनेक पातळ्यांत रुतलेला असतो. त्याला पुढच्या खाचेत जायला अणूंच्या उष्ण कंपनांचा धक्का लागतो. कंपने मंदावली की त्यासाठी लागणारा ताण झपाट्याने चढतो आणि थर एकमेकांवरून घसरण्याआधीच स्फटिक घनाच्या पृष्ठांना समांतर चिरतो. जानेवारी १९४३ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याला, शांत पाण्यात उभे असलेले शेनेक्टडी हे नवे तेलवाहू जहाज असेच जवळजवळ दुभंगले. त्या दिवशी हवा नुसती गोठणबिंदूच्या आसपास होती. उणे १६२ अंशांच्या टाक्यांना म्हणूनच साधे पोलाद चालत नाही. त्यांच्या आतल्या कवचासाठी सहसा ९ टक्के निकेल असलेले पोलाद वापरतात. निकेलमुळे ठिसूळपणा सुरू होण्याचे तापमान खूप खाली जाते.

घसरण अवघड झाली की स्फटिकाला आणखी एक वाट असते: जुळे होणे. एका पट्ट्यातले अणू झटक्यात कलंडून शेजारच्या भागाची आरशातली प्रतिमा बनतात. कल्हईच्या कथलाची कांडी कानाशी धरून वाकवली की येणारा करकर आवाज याच जुळेपणाचा, आणि त्याला थंडीही लागत नाही. तांब्यात मात्र ताणाखाली अशी जुळी उणे २६९ अंशांच्या, म्हणजे द्रवरूप हेलियमच्या तापमानाला १९५७ मध्ये दिसली.

हेलियमच्या तापमानाला धातूची उष्माधारकता, म्हणजे त्याला एक अंश तापवायला लागणारी उष्णता, नगण्य उरते. एका ठिकाणी थोडी घसरण झाली तरी तेवढाच भाग क्षणात तापतो, मऊ पडतो, आणखी घसरतो आणि भोवतालच्या थंडीने पुन्हा गोठतो. ताण आणि लांबीचा आलेख तेव्हा करवतीच्या दात्यांसारखा उमटतो.