पेपर सोपा होता की मुलं हुशार?

दोन मुलांनी दोन वेगळे पेपर सोडवले. एकाला ४० गुण मिळाले, दुसऱ्याला ३०. जास्त येतं कोणाला? नुसत्या गुणांवरून सांगता येत नाही, कारण पेपरची काठिण्यपातळी त्यांच्यातच मिसळलेली असते. बरं, काठिण्य ठरवायला जावं, तर तो पेपर कोणत्या मुलांनी सोडवला यावर सगळं येऊन अडतं.

१९२५ मध्ये मानसशास्त्रज्ञ एल. एल. थर्स्टन यांनी बिने या बुद्धिमापन चाचणीतले प्रश्न आणि मुलं एकाच मोजपट्टीवर मांडून दाखवली. पुढे १९५२ मध्ये अमेरिकेत फ्रेडरिक लॉर्ड यांनी गुणांमागच्या, न दिसणाऱ्या क्षमतेचा रीतसर सिद्धांत मांडला. आज त्याला आयटम रिस्पॉन्स थिअरी म्हणतात.

मला मात्र सर्वांत मोलाचं वाटतं ते डेन्मार्कचे गणिती गेऑर्ग राश यांचं काम. त्यांचं पुस्तक १९६० मध्ये कोपनहेगनला निघालं. त्यांच्या प्रारूपात मुलाची क्षमता हा एक आकडा, प्रश्नाचं काठिण्य हा दुसरा, आणि बरोबर उत्तराची शक्यता ठरते ती फक्त या दोहोंतल्या फरकावरून. दोन्ही सारखे असले तर शक्यता ५० टक्के, क्षमता एका एककाने जास्त असली तर सुमारे ७३.

खरी गंमत पुढे आहे. दोन प्रश्न घ्या आणि त्यांतला नेमका एकच बरोबर आलेली मुलं वेगळी काढा. त्या मुलांना कोणता प्रश्न सुटला याचा हिशेब मांडताना क्षमता समीकरणातून चक्क निघून जाते. अशा १०० मुलांपैकी ७५ जणांना पहिला सुटला असेल, तर दुसरा साधारण १.१ एककांनी अवघड. मुलं हुशार होती की कच्ची, याने काही बिघडत नाही! गुंता सुटला तो इथे.

पण प्रत्यक्षातले प्रश्न इतके शहाणे नसतात. काही प्रश्न हुशार आणि कच्चा यांत नीट फरक करतात, काही करत नाहीत. शिवाय चार पर्याय असले की डोळे मिटून खूण केली तरी चारांत एकदा उत्तर बरोबर येतं. ॲलन बर्नबॉम यांनी १९६८ मध्ये प्रश्नाची भेदनक्षमता आणि अंदाजाचा वाटा या दोन्ही गोष्टी सूत्रात आणल्या. तिथून वाद पेटला. प्रारूपात न बसणारा प्रश्न काढून टाकायचा, की प्रारूपच सैल करायचं? राश यांचे अनुयायी पहिल्या बाजूला. मोजपट्टी प्रत्येक वस्तूगणिक बदलू नये, हा त्यांचा आग्रह मला पटतो.

देशोदेशींच्या १५ वर्षांच्या मुलांची पिसा चाचणी २००० मध्ये सुरू झाली ती राश यांच्याच प्रारूपावर. २०१५ मध्ये तिनेही भेदनक्षमता हिशेबात घेतली.