आपत्तीत परकी मदत: नियम कसे घडले

२८ डिसेंबर १९०८ रोजी भूकंपाने इटलीतलं मेसिना शहर धुळीला मिळवलं. पुढे इटलीच्या रेडक्रॉसचे प्रमुख, सिनेटर जोव्हानी चिराओलो यांनी एक योजना लावून धरली. सगळ्या देशांनी वर्गणी भरायची आणि संकट कोसळलं की मदत हक्काने घ्यायची. १९२७ मध्ये तसा करारही झाला आणि 'आंतरराष्ट्रीय मदत संघ' कागदावर आला. पैशांची वेळ आली तेव्हा मात्र सरकारांनी हात आखडता घेतला. तिजोरीत खडखडाट असलेल्या या संघाच्या हातून फारसं काही झालं नाही.

दुसरा प्रवाह लष्करी छावणीतून आला. १९५० च्या दशकात नाटो या पाश्चात्त्य देशांच्या लष्करी आघाडीने 'नागरी आणीबाणी नियोजन' हाती घेतलं, ते अणुयुद्धाच्या धास्तीने. युद्ध पेटलं तर रेल्वे, बंदरं, धान्य आणि इंधन कसं चालू ठेवायचं, ही चिंता होती. पण १९५३ मध्ये, ३१ जानेवारीच्या रात्री उत्तर समुद्र खवळला आणि एकट्या नेदरलँड्समध्ये १,८०० वर माणसं दगावली. नैसर्गिक आपत्तीत सदस्य देशांनी परस्परांना मदत कशी करायची, याची कार्यपद्धती नाटोने १९५८ मध्ये ठरवली. १९९८ मध्ये आपत्ती-मदतीचं समन्वय केंद्रही निघालं आणि तेही रशियाच्या प्रस्तावावरून! आज हे खरंही वाटणार नाही.

खरी कलाटणी दिली ती तेव्हा सोव्हिएत संघात असलेल्या आर्मेनियाने. ७ डिसेंबर १९८८ च्या भूकंपात किमान २५,००० बळी गेले. शीतयुद्ध अजून सरलेलं नव्हतं, तरी सोव्हिएत संघाने पाश्चात्त्य पथकांना आत घेतलं. पथकं आली, श्वानही आले. पण कुणी कुठे शोधायचं, कुणाकडे कोणती साधनं आहेत, याचा मेळ बसेना. १९८५ च्या मेक्सिको भूकंपातही हेच झालं होतं. त्यातून १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली शोध-बचाव पथकांचा 'इन्साराग' हा सल्लागार गट स्थापन झाला.

त्याने काय साधलं ते पडक्या भिंतीवर वाचता येतं. खुणांचा तपशील पुढे बदलला, पण आधीची पद्धत अशी होती: शोध घेतलेल्या इमारतीवर पथकाने मीटरभराचा चौकोन रंगवायचा आणि आत आपली ओळख व कामाची वेळ लिहायची. जिवंत बाहेर काढलेल्यांचा आकडा डावीकडे, मृतांचा उजवीकडे, धोक्याची सूचना वर, बेपत्तांची माहिती खाली. काम संपलं की भोवती वर्तुळ, आणि आत कुणीच उरलं नसल्याची खात्री पटली की आडवी रेघ. मागून येणाऱ्या पथकाला भाषा कळो न कळो, त्याच ढिगाऱ्यात पुन्हा वेळ जात नाही. माझ्या मते मोठमोठ्या जाहीरनाम्यांपेक्षा हा चौकोन जास्त कामाचा.

१९९१ च्याच डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव ४६/१८२ संमत केला. आजची मदतयंत्रणा त्यावरच उभी आहे. त्यातली कळीची अट अशी की, मदत संकटग्रस्त देशाच्या संमतीनेच द्यायची. सार्वभौमत्व जपणारी ही अट रास्त आहे, पण दार बंद ठेवू पाहणाऱ्या सरकारच्याही ती सोयीची. २ मे २००८ रोजी 'नर्गिस' चक्रीवादळ म्यानमारवर आदळलं, तेव्हा तिथल्या लष्करी राजवटीने परदेशी मदत कर्मचाऱ्यांना आठवडेच्या आठवडे अडवून धरलं. शेवटी संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून स्वतः तिकडे गेले, २३ मे रोजी सेनाप्रमुख थान श्वे यांना भेटले, तेव्हा कुठे होकार मिळाला. पुढचा समन्वय शेजाऱ्यांच्या 'आसियान' संघटनेकडे गेला, कारण राजवटीला त्यातल्या त्यात भरवसा होता तो तिच्यावरच.