बापाला तू म्हणायचं का तुम्ही: गेमवरच्या मराठी फॅन कॉमिकची पार्श्वभूमी

गेममधल्या कॅरेक्टरच्या जुन्या जखमा अन् तुटायला आलेली नाती घेऊन कॉमिक काढणारं कुणी नवीन भेटलं, की त्याला ॲप कुठलं, ब्रश कुठला हे नंतर विचारतात, आधी विचारतात की तुझ्या कॉमिकमधला पोरगा बापाला तू म्हणतो का तुम्ही. बाहेरच्याला हे फालतू वाटेल, पण सोलापुरात ह्या एका गोष्टीवरून चांगल्या मैत्रिणी महिनोन्महिने बोलत नव्हत्या, म्हणून हे कुठून आलं ते एकदा नीट लिहून ठेवतेय.

लांबचा इतिहास थोडक्यात सांगते. अमेरिकेत 1967 पासून स्टार ट्रेकचे चाहते स्वतः छापलेली मासिकं काढत होते, त्यातच सत्तरच्या दशकात एकाला दुखापत व्हायची अन् दुसऱ्याने जवळ बसून राहायचं असल्या गोष्टींना हर्ट-कम्फर्ट नाव पडलं. टोकियोत 21 डिसेंबर 1975 ला हौशी कॉमिकवाल्यांचा पहिला बाजार भरला, 32 गट अन् साधारण 700 माणसं, अन् आलेल्यांत शाळा-कॉलेजच्या पोरीच जास्त. ट्रॉमा हा शब्द आज सगळे सहज वापरतात, पण युद्धावरून आलेल्या सैनिकांना रात्री झोप का लागत नाही ह्याला अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या अधिकृत यादीत स्वतंत्र नाव मिळालं ते 1980 ला. गेम त्यानंतर तिकडे वळले. 1997 च्या फायनल फँटसी सेव्हनमधल्या हिरोला कळतं की आपल्या आठवणी आपल्या नाहीतच, 2001 च्या सायलेंट हिल टूमधला नवरा मेलेल्या बायकोला शोधत फिरतो अन् शेवटी उघड होतं की तिला त्यानेच मारलेलं असतं.

आपल्याकडे ह्यातलं काहीच आलं नव्हतं. आपल्याकडे होता नवी पेठेतला सायबर कॅफे अन् त्यात सॅन अँड्रियास. आता हा गेम 2004 चा, पीसीवर 2005 ला आला, अन् सोलापुरात तो ज्याने खेळला नाही असा त्या वयाचा पोरगा सापडणं अवघड, पण सगळ्यांना आठवतंय काय तर चीट कोड मारून आणलेला रणगाडा. माझा मोठा भाऊ खेळायचा अन् मी शेजारच्या स्टुलावर बसायचे, अन् माझ्या हातात कीबोर्ड नव्हता म्हणूनच असेल, मला सुरुवात आठवते. पाच वर्षं दुसऱ्या शहरात राहिलेला गेमचा हिरो सीजे आईच्या मयतासाठी घरी येतो, अन् कबरस्तानात सख्खा भाऊ स्वीट त्याला काय ऐकवतो तर तू आम्हाला सोडून पळालास. धाकटा भाऊ ब्रायन गेला तेव्हा सीजे गेला होता ना, तोच राग. भाऊ प्रत्येक वेळी तो सीन बटण दाबून पुढे ढकलायचा. ज्या गावात गिरण्या बंद पडल्या अन् शिकलेलं प्रत्येक पोरगं हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला गेलं, त्या गावाला हा सीन कळायला काय जड होता? पण कुणी काढला नाही तेव्हा. म्हणून हे सगळं बाहेरून आलेलं फॅड आहे असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. आपल्या घरात ते पहिल्यापासून होतं, वहीत उतरायला उशीर झाला इतकंच.

उतरलं ते 2016 च्या सप्टेंबरनंतर, फुकट फोरजीचं सिम घरोघरी आल्यावर. हे समजून घेणं गरजेचं आहे कारण काढणाऱ्यांतल्या निम्म्या जणींनी ते गेम कधी खेळलेलेच नाहीत, कन्सोल परवडायचा कुणाला, त्यांनी दुसऱ्याने खेळलेला गेम मोबाईलवर भाग लावून सिनेमासारखा पाहिला, आई विड्या वळतेय अन् पोरगी शेजारी पांघरुणात. त्यामुळे लढाईचं कौतुक कमी अन् कोण कुणाकडे बघत नाही ह्याच्याकडे लक्ष जास्त.

आणि मग 20 एप्रिल 2018 ला गॉड ऑफ वॉर आला. त्याचा हिरो क्रेटॉस, त्याच्या हातून फसवणुकीने स्वतःचीच पहिली बायको अन् मुलगी गेलेली, त्यांची राख त्याच्या अंगाला कायमची चिकटलेली, अन् आता दुसरी बायको वारलीय, तिची राख सगळ्यात उंच शिखरावर न्यायची आहे, बरोबर लहान पोरगा अट्रेयस, ज्याला बाप सहसा नावाने हाकसुद्धा मारत नाही, नुसतं बॉय म्हणतो. सुरुवातीला हरणाच्या शिकारीनंतर क्रेटॉस पोराच्या खांद्यावर ठेवायला हात उचलतो अन् न ठेवताच मागे घेतो. ह्या एका हातावर सोलापुरात मी पाहिलेल्या कॉमिकांची मोजदाद नाही. रेघांच्या वहीवर, चादरीच्या दुकानाच्या बिलबुकामागं, नंतर मोबाईलवर बोटाने.

भांडण सुरू झालं ते संवादाच्या फुग्यात मराठी लिहायला घेतल्यावर. इंग्रजीत पोरगा फादर म्हणतो, मधेच सर म्हणतो, बाकी सगळं यू. मराठीत ती सोयच नाही, पहिल्याच वाक्याला ठरवावं लागतं. एक बाजू म्हणाली तुम्हीच पाहिजे, कारण त्या दोघांमधलं अंतर हाच विषय आहे, आईला तू अन् वडलांना तुम्ही हे आपल्या घरातलं जुनंच आहे अन् त्या एका शब्दात वाचणाऱ्याला सगळं कळतं. दुसरी बाजू म्हणाली हे तुमच्या घरातलं झालं, पोरगा जंगलात आईजवळ वाढलाय, त्याला कुणी आदर शिकवला, अन् पूर्व भागातल्या तेलुगू घरातल्या दोघी म्हणाल्या आम्ही नान्नाला एकेरीतच बोलतो, म्हणजे आम्ही वडलांना मानत नाही का. हा मुद्दा बिनतोड होता, तरी मी तुम्हीवालीच राहिले, आजही आहे. कारण तुम्हीपासून सुरू केलं तरच मधल्या एखाद्या चौकटीत पोराच्या तोंडून चुकून तू निघू शकतं, अन् बाप ते ऐकून काहीच बोलत नाही, ती चौकट तू पासून सुरू करणाऱ्याला मिळूच शकत नाही. बापाच्या बॉयचं पण तसंच. बाळा चालत नाही, कार्ट्यात माया येते, बे लावलं तर दोस्त वाटतो, शेवटी कोरडं पोरा राहिलं.

ट्रॉमाला मराठी काय, ह्यावर पण झालं. आघात म्हटलं की पेपरची बातमी वाटते. काही जणी सल म्हणतात, मला तो आवडतो, काटा आत राहिलाय अन् वरची कातडी भरलीय असा. पण आपली खरी कमाई अबोला. आतल्या घुसमटीला सगळे अँगस्ट, अँगस्ट करतात, पण एका घरात राहून, एका ताटलीतली शेंगाचटणी खाऊन न बोलणं ह्याला इतका नेमका शब्द आपल्याकडे आयता आहे. 2020 च्या जूनमध्ये द लास्ट ऑफ अस पार्ट टू आला, इकडे लॉकडाऊन, माग बंद, सगळे घरात कोंडलेले, अन् त्या गेममध्ये बापासारखं सांभाळणाऱ्या जोएलने खोटं सांगितलं म्हणून एली त्याच्याशी धड बोलत नाही, बोलते ती तो मरायच्या आदल्या रात्री, की माफ करायचा प्रयत्न करीन म्हणून. त्या वर्षी कॉमिकांत संवादच कमी झाले. पान पान रिकामे फुगे. ज्यांना वाटत होतं की हे आळशीपणाने केलंय त्यांनी ती पानं सावकाश बघितली नाहीत.

2022 ला चित्र काढून देणारे एआय आले अन् ते आता चेहरा हुबेहूब करतात, पण न ठेवलेला हात सांगितला तर हात खांद्यावर ठेवूनच देतात, निदान मी करून बघितलं तेव्हा तसंच झालं.

त्याच वर्षी 9 नोव्हेंबरला गॉड ऑफ वॉरचा पुढचा भाग रॅग्नारॉक आला अन् शेवटी पोरगा बापाला मिठी मारून एकटा बाहेर पडतो, ह्या वेळी बापाच्या संमतीने. इकडे लगेच त्याच्यावर पानं निघाली अन् बहुतेकांत पहाटेचं स्टेशन होतं, पुण्याची गाडी, खिडकीतला पोरगा, खाली उभा बाप. आमच्यात ज्या दोघी तू-तुम्हीवरून बोलत नव्हत्या त्यांनी मिळून एक काढलं. त्यात पोराच्या वाट्याला एकच फुगा आहे, त्यात तू पण नाही अन् तुम्ही पण नाही, नुसतं "येतो."