सुट्टीतली कादंबरी आणि डोळ्यांच्या उड्या

घरात कुणी कादंबरी घेऊन लोळत पडलं असेल तर त्याच्यासमोर जाऊन बसा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेवरून त्याचे डोळे बघा. वाचताना डोळे ओळीवरून सरकत जातात अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ते उड्या मारत असतात. एक उडी, क्षणभर मुक्काम, पुन्हा उडी. ओळ संपली की डावीकडे एक लांब झेप. मध्येच एखादी उडी उलटी, मागच्या शब्दाकडे. वाचणाऱ्याला स्वतःला यातलं काही जाणवत नाही. आपण टक लावून बघतोय हे मात्र लगेच जाणवतं आणि "काय आहे?" असा प्रश्न येतो, त्यामुळे निरीक्षण जरा बेताने करावं.

फ्रेंच नेत्रतज्ज्ञ एमिल जाव्हाल यांच्या प्रयोगशाळेत १८७०च्या दशकाच्या अखेरीस या उड्या पहिल्यांदा नीट नोंदवल्या गेल्या. त्यानंतर मोजमापाची साधनं सुधारत गेली आणि आता आकडे पक्के आहेत. एक मुक्काम साधारण २०० ते २५० मिलिसेकंदांचा, म्हणजे पाव सेकंदाचा. उडी २० ते ४० मिलिसेकंदांची. उडी चालू असताना मेंदू दृष्टी जवळजवळ मिटून घेतो, म्हणून जग हललेलं दिसत नाही. आपण वाचतो ते फक्त मुक्कामात. हा सगळा खटाटोप अशासाठी, की डोळ्याच्या पडद्यावर अक्षरं स्वच्छ दिसतील अशी जागा अगदी चिमुकली आहे. तिच्या टप्प्यात जेमतेम एखाद-दुसरा शब्द मावतो. पुढचा शब्द हवा तर डोळा हलवायलाच हवा.

देवनागरीत याखेरीज आणखी एक गंमत आहे. 'किल्ला' वाचताना आधी दिसते पहिली वेलांटी आणि मग 'क'. उच्चार मात्र उलट क्रमाने. ज्योत्स्ना वैद आणि अशुम गुप्ता यांनी २००२ साली हिंदी वाचकांवर केलेल्या अभ्यासात अशा शब्दांना किंचित जास्त वेळ लागतो असं दिसलं. मात्रा वर, उकार खाली, वेलांटी डावीकडे, काना उजवीकडे: आपली लिपी डोळ्याला चारही बाजूंना बघायला लावते. पहिली-दुसरीतलं मूल बोट ठेवून अडखळत वाचतं तेव्हा ते हेच काम एकेक अक्षर करून करत असतं. चौथी-पाचवीपर्यंत ते इतकं मुरतं की शब्द नुसता दिसला तरी न वाचणं अशक्य होतं. लक्ष्मी रोडवरून जाताना दुकानांच्या पाट्या न वाचता चालून बघा.

हे मुरणं मेंदूत प्रत्यक्ष दिसतं. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना, त्यांत बहुतेक बायका, सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं गेलं. शिकवणीआधी आणि नंतर त्यांच्या मेंदूची एमआरआय तपासणी झाली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बदल फक्त मेंदूच्या वरच्या थरात नव्हे, तर पार खोल, मेंदूच्या देठाजवळ दिसले. डोळ्यांच्या उड्या कुठे माराव्यात हे ठरवण्यात ज्यांचा हात असतो अशा भागांचं मेंदूच्या दृष्टिक्षेत्राशी असलेलं नातं घट्ट झालं होतं. तेही वयाच्या तिशीत, अवघ्या सहा महिन्यांत.

आता थोडा हिशेब. अडीचशे पानांची मराठी कादंबरी म्हणजे साधारण साठ हजार शब्द. म्हणजेच अंदाजे पन्नास-साठ हजार मुक्काम आणि तेवढ्याच उड्या. शुद्धलेखनाच्या वहीतून किंवा सुट्टीच्या गृहपाठातून एवढा सराव करून घ्यायचा म्हटलं तर घरात महाभारत होईल. कादंबरी तो तीन दुपारांत करून घेते आणि वर जेवायला हाका माराव्या लागतात. कादंबरीवाचनाच्या फायद्यांबद्दल बरंच काही बोललं जातं. त्यातलं सगळ्यात भक्कम मला हेच वाटतं: एवढा प्रचंड सराव माणूस मजेपोटीच करतो, दुसऱ्या कशापोटी नाही.

मजा आणि वेग यांचं नातंही आपल्या अंदाजापेक्षा वेगळं आहे. आवडतं पुस्तक आपण भराभर वाचतो असं वाटतं. दक्षिण आफ्रिकेतले मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर नेल यांनी आनंदासाठी वाचणाऱ्यांचा वेग मोजला. १९८८ साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की सर्वांत आवडलेली पानं वाचक उलट जास्त हळू वाचतात. मधली वर्णनं झपाझप उरकायची आणि ऐन रंगाच्या प्रसंगाला रेंगाळायचं. पट्टीचे वाचक हा वेग सतत कमी-जास्त करत असतात आणि त्यांना ते कळतही नाही. मे महिन्यात जलद वाचनाच्या कार्यशाळांच्या जाहिराती बघितल्या की मला नेल आठवतात.

रेंगाळताना काय होतं? वाचक शब्दांवरून डोक्यात एक प्रसंग उभा करतो: कोण कुठे उभं आहे, कुणाच्या हातात काय आहे, दार उघडं की बंद. २००९ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात निकोल स्पीअर, जेफ्री झॅक्स आणि सहकाऱ्यांनी एमआरआय यंत्रात पडलेल्या लोकांना पडद्यावर एकेक शब्द दाखवत गोष्टी वाचायला दिल्या. गोष्टीतल्या पात्राने वस्तू उचलली की वाचकाच्या मेंदूत हाताच्या हालचालींशी संबंधित भाग जागा व्हायचा. पात्र एका जागेहून दुसरीकडे गेलं की जागा-दृश्यं ओळखणारा भाग. वाचणारा माणूस निपचित पडलेला, पण मेंदू मात्र गोष्टीबरोबर ऊठबस करत असतो.

याच ओघात शब्द गोळा होतात. मुलं वाचता वाचता, कुणी न सांगता, संदर्भावरून किती नवे शब्द शिकतात यावरचे वीसेक प्रयोग स्वानबोर्न आणि द ग्लॉपर या डच संशोधकांनी १९९९ साली एकत्र तपासले. उत्तर आलं: शंभर अनोळखी शब्दांतले सुमारे पंधरा. ऐकायला कमी वाटतं. पण एखाद्या ऐतिहासिक कादंबरीत दहा-बारा वर्षांच्या मुलाला तीनशे अनोळखी शब्द भेटले असं धरा. दिंडीदरवाजा, खलिता, मेणा, पागा. त्यातले चाळीस-पंचेचाळीस राहिले तरी कोश न उघडता राहिले. शिवाय बोलण्यापेक्षा छापील भाषेत दुर्मीळ शब्द जास्त असतात. इंग्रजीतल्या १९८८ सालच्या एका मोजणीत सुशिक्षित प्रौढांच्या गप्पांत हजार शब्दांमागे १७ दुर्मीळ शब्द निघाले आणि मुलांच्या पुस्तकांत सुमारे ३१. मराठीत आकडे वेगळे येतील. पण घरात दिवसभर आपण काय बोलतो ते आठवलं तर कल वेगळा असेल असं वाटत नाही: "आवर", "टॉवेल कुठेय", "मोबाइल ठेव".

मग मुलाने वाचावं काय? वाचनालयात मे महिन्यात हा वाद हमखास ऐकू येतो. मूल रहस्यकथा घेऊन टेबलाशी येतं, आई म्हणते, "अरे, हे कसलं? काहीतरी चांगलं घे ना." तिच्या मनात बहुधा चरित्र असतं. या वादात विज्ञानाचा कौल मुलाच्या बाजूने आहे. फ्लोरिडात रिचर्ड ॲलिंग्टन आणि ॲन मॅकगिल-फ्रान्झेन यांनी गरीब वस्त्यांतल्या मुलांना सलग तीन उन्हाळे दर सुट्टीला बारा पुस्तकं दिली. ती मुलांनी स्वतः निवडलेली होती. बाकी काही नाही, ना वर्ग, ना प्रश्नपत्रिका. २०१० साली निकाल प्रसिद्ध झाला. या मुलांची वाचनाची प्रगती इतरांपेक्षा सरस होती आणि फरक साधारण उन्हाळी वर्गांनी पडतो तेवढा होता. मुलांनी निवडलेली पुस्तकं अभिजात वगैरे मुळीच नव्हती.

सुट्टीत मुलं शिकलेलं विसरतात, हा धाक जरा सैल केला तरी चालेल. हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली जुने अभ्यास एकत्र करून काढलेला 'महिनाभराचं शिक्षण पुसलं जातं' हा निष्कर्ष खूप गाजला. पण नंतर पॉल फॉन हिप्पेल यांनी दाखवलं की त्यातला बराच भाग चाचण्यांच्या मोजपट्टीतल्या दोषामुळे असू शकतो. शिवाय ही सगळी अमेरिकेतली आकडेवारी. आपल्याकडे जूनच्या मध्यावर शाळा उघडते तेव्हा मास्तर-बाई पहिला आठवडा उजळणीत घालवतातच.

धाकाइतकंच बक्षिसापासूनही सांभाळायला हवं. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ साली चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांना दोन प्रकारे वागवलं. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. बाकीच्यांना काही मिळालं नाही, किंवा मिळालं ते न सांगता, अचानक. एक-दोन आठवड्यांनी खेळायच्या वेळी रंगीत पेनं पुन्हा टेबलावर ठेवली. प्रमाणपत्राच्या बोलीवर चित्रं काढलेल्या मुलांनी त्यांत इतरांच्या निम्माच वेळ घालवला. 'सुट्टीत वीस पुस्तकं वाचा, सारांश लिहा, पदक मिळवा' अशी स्पर्धा काढणाऱ्या सोसायटीच्या कमिटीने हा प्रयोग एकदा वाचावा. ज्याला वाचनाची मुळीच गोडी नाही त्याच्या बाबतीत बक्षीस उपयोगी पडूही शकतं. नुकसान होतं ते गोडी असलेल्यांचं.

कादंबरी वाचून माणूस अधिक समजूतदार होतो, हा दावा मात्र जपून घ्यावा. किड आणि कास्तानो यांनी २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात मांडलं की साहित्यिक कथा वाचल्यावर लगेच दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याची क्षमता वाढते. इतरांनी तोच प्रयोग करून बघितला तेव्हा तो परिणाम दिसला नाही. पुढे असे अनेक प्रयोग एकत्र धरल्यावर परिणाम निघाला, पण बारीकसा. शेकडो कादंबऱ्या पचवूनही जिन्यात चपला कुणी ठेवल्या यावरून शेजाऱ्याशी वर्षभर अबोला धरणारी माणसं आपल्या पेठांत भरपूर आहेत, तेव्हा मला याचं फार आश्चर्य वाटलं नाही.

पुस्तकं मिळण्याची अडचण पुण्यात तरी नाही. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून आहे, पुणे मराठी ग्रंथालय १९११ पासून. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं धुंडाळता येतात. मोबाइलवर वाचलं तर चालेल का, असं विचारलं जातं. २०१८ साली पाब्लो डेलगादो आणि सहकाऱ्यांनी ५४ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला समजतो असं दिसलं. गोष्टीच्या बाबतीत मात्र कागद आणि पडदा यांत फरक आढळला नाही. फक्त मोबाइलवर कादंबरीच्या शेजारीच बाकी सगळं असतं, हा वेगळा त्रास.

आणि जे मूल पुस्तकाला हातच लावत नाही त्याचं काय? त्याला आळशी म्हणण्याआधी नेदरलँड्समधल्या जुळ्या मुलांवरचा एल्सिए व्हान बर्गेन यांचा २०१८चा अभ्यास लक्षात घ्यावा. सात वर्षांच्या वयात, वाचन जमतं म्हणून मुलं जास्त वाचतात, असा कल त्यात दिसला. जास्त वाचल्यामुळे जमायला लागतं, असा उलट ओघ त्या वयात दिसला नाही. ज्याच्या डोळ्यांना अजून प्रत्येक वेलांटी सोडवावी लागते त्याला साठ हजार शब्दांत मजा येणार कुठून? अशा मुलाला वाचून दाखवावं. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या जॅक गॅलंट यांच्या प्रयोगशाळेने २०१९ साली नऊ जणांना त्याच गोष्टी एकदा ऐकवल्या आणि एकदा वाचायला दिल्या, तेव्हा अर्थाशी संबंधित मेंदूची हालचाल दोन्ही वेळा जवळजवळ सारखीच आली. म्हणजे गोष्ट, पात्रं आणि शब्द कानानेही पोहोचतात. डोळ्यांचा सराव तेवढा व्हायचा बाकी राहतो, आणि त्याला आज्यांची एक जुनी युक्ती आहे. दुपारी अर्धं प्रकरण मोठ्याने वाचायचं आणि नायक विहिरीत उतरला की पुस्तक तिथेच उघडं ठेवून आमरस काढायला उठायचं. बरीच मुलं पुढची दोन पानं स्वतःच ओढतात. नाही ओढली तर जेवण झाल्यावर पुन्हा आपण वाचायचं.