पेट्रोल पंपावरची विमानांची दिवादांडी

१९२०च्या दशकात अमेरिकेतले वैमानिक रूळ आणि रस्ते बघतच वाट काढत. रात्री ते दिसेनात, म्हणून १९२४मध्ये शिकागो ते शायेन मार्गावर दिवे लावून टपालविमानांची रात्रसेवा सुरू झाली. दशक सरता सरता कॅलिफोर्नियाच्या रिचफिल्ड ऑइल कंपनीने हीच कल्पना हमरस्त्यावर आणली. मेक्सिकोच्या हद्दीपासून कॅनडाच्या हद्दीपर्यंत पंपांशेजारी १२५ फुटी पोलादी मनोरे उभारायचे, त्यांवर कंपनीचे झळकते नाव आणि माथ्यावर फिरता झोत, असा बेत होता. जाहिरात होतीच, पण वैमानिकाला खूणही मिळत होती.

अशा दिव्यात खरी कसोटी लागते ती दिवा बसवताना. सरकारी मार्गदीपात २४ इंची अंतर्वक्र आरसा आणि १००० वॉटचा दिवा असे. दिव्याची तार आरशाच्या नाभीवरच, म्हणजे जिथून निघालेला प्रकाश आरशावर आपटून सरळ झोतात बाहेर पडतो त्या बिंदूवरच हवी. नाभीअंतर २५ सेंटिमीटर धरले, तर तार ५ मिलिमीटर बाजूला सरकताच झोत एका अंशाहून अधिक कलतो, म्हणजे १५ किलोमीटरवर जवळपास ३०० मीटर चुकतो. एक दिवा जळाला की दुसरा आपोआप जागेवर येण्याची सोय असे; तो नीट बसला नाही, तर दिवा पेटलेला असूनही लांबून दिसणार नाही.

झोत मिनिटाला सहा फेऱ्या मारी. तो ४ अंश रुंद धरला, तर दर दहा सेकंदांनी लखलखाट होतो आणि टिकतो सेकंदाचा जेमतेम नववा हिस्सा. एवढ्यात मनोरा कोणता हे कळणार कसे? म्हणून मार्गाच्या दिशेने रोखलेले रंगीत दिवे मोर्स लिपीत त्या मनोऱ्याचे अक्षर लुकलुकवत.

अमेरिकेच्या या पश्चिम किनाऱ्यावर मोठी अडचण धुक्याची. धुक्याचे बारीक थेंब प्रकाश चहूकडे विखुरतात. दर ५०० मीटरला प्रकाश दहाव्या हिश्श्यावर येत असेल, तर दिवा दसपट प्रखर करूनही तो फार तर आणखी ५०० मीटर दिसेल. अंतरामुळे येणारा मंदपणा धरला, तर तेवढाही नाही. मनोरा उंच केला तरी धुक्याचा थर त्याच्याही वर असला की वरून काहीच दिसत नाही.

१९३१मध्ये रिचफिल्डचे दिवाळे निघाले आणि बेत अर्धवट राहिला. तोवर रेडिओमार्ग, म्हणजे रेडिओ संदेशांनी आखलेल्या हवाई वाटा आल्या होत्या. वाटेच्या एका बाजूला हेडफोनमध्ये मोर्सचा ‘ए’ ऐकू येई, दुसऱ्या बाजूला ‘एन’. विमान नेमके वाटेवर असले की दोन्ही मिसळून एकच अखंड सूर लागे, धुके असो वा नसो.