शिंक आली की गुडघे जवळ घेणाऱ्या बायकांसाठी

खानापूरकडे भाताची लावण सुरू असते. चिखलात वाकलेल्या बाईला शिंक येते आणि ती पटकन गुडघे जवळ घेते, तरी थोडी लघवी सुटतेच. पावसात लुगडं भिजलेलंच असतं, म्हणून कुणाला कळत नाही. पंचाईत होते ती बेळगावच्या बसमध्ये. मग बाजाराच्या दिवशी ती सकाळपासून पाणीच पीत नाही.

बाळंतपणानंतर जवळपास दर तिघींतल्या एकीची लघवी अशी नकळत सुटते. आपल्याकडे बाळंतिणीला तेल, शेक, डिंकाचे लाडू, सगळं मिळतं. ज्या स्नायूंनी बाळाचा भार पेलला, त्यांची मात्र कुणी विचारपूस करत नाही. ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत हे स्नायू झोळीसारखे ताणलेले असतात. मूत्राशय, गर्भाशय त्यांच्याच आधारावर. प्रसूतीत ही झोळी सैलावते. खोकल्याचा दाब वरून आला की लघवीची वाट घट्ट मिटत नाही.

पण स्नायू म्हटला की तो कमावता येतो. अमेरिकी डॉक्टर अर्नोल्ड केगेल यांनी 1948 मध्ये यासाठी व्यायाम मांडला. उताणं झोपा, गुडघे वाकवा. चारचौघांत वारा सरू नये म्हणून आवळतो तसं आवळा, लघवीची जागाही आत-वर ओढा. पाच-सहा सेकंद धरा, तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडा. श्वास रोखू नका. पोट, मांड्या, कुल्ले ढिले राहू द्या. एका वेळी 8, दिवसातून 3 वेळा, निदान 3 महिने. बऱ्याच जणी आवळण्याऐवजी खाली जोर देतात, त्याने उलट नुकसान होतं. म्हणून एकदा तरी फिजिओथेरपिस्टकडून बरोबर जमतंय का ते तपासून घ्याच. लघवी मध्येच अडवून सराव मात्र करू नका.

खोकण्याआधी, कळशी उचलण्याआधी आवळायची सवय लावा. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2018 च्या आढाव्यात खोकताना-शिंकताना लघवी सुटणाऱ्या बायकांपैकी व्यायाम करणाऱ्या शंभरातल्या 56 जणींनी आपण बऱ्या झाल्याचं सांगितलं. न करणाऱ्यांत फक्त 6 जणींनी.

पाणी तोडू नका. लघवी दाट झाली की मूत्राशय आणखी चिडतं. चहा कमी करा, बद्धकोष्ठता आणि जुना खोकला अंगावर काढू नका. एकदम जोराची लघवी लागून ती धरवत नसेल, तर जाण्याची वेळ थोडी-थोडी लांबवत न्यायची. काहींना योनीत बसवायच्या आधाराच्या रिंगचाही उपयोग होतो.

जळजळ, ताप, लघवीत रक्त असेल तर आधी डॉक्टर गाठा. आणि अडलेल्या बाळंतपणानंतर रात्रंदिवस थेंब-थेंब गळत असेल, तर आत मूत्राशय आणि योनीच्या मध्ये भोक पडलेलं असू शकतं. ते व्यायामाने भरत नाही. त्याच आठवड्यात मोठ्या दवाखान्यात जा.