माउंट ऑबर्न: झाडं आणि शिल्पं दाखवणाऱ्या फेऱ्यांमागचा इतिहास

बॉस्टनच्या शेजारी, केंब्रिज आणि वॉटरटाउनच्या हद्दीवर माउंट ऑबर्न ही जुनी दफनभूमी आहे. तिथे जाणकार मार्गदर्शकांबरोबर पायी फेऱ्या निघतात. कधी झाडं बघायला, कधी शिल्पं, कधी दोन्हींची सांगड घालून. दफनभूमीत असले कार्यक्रम शोभतात का, असं अनेकांना वाटतं. पण ही जागा मुळात एका उद्यानविद्या संस्थेनेच उभी केली. त्यामुळे खरा प्रश्न वेगळाच आहे: झाडं दाखवणारं, समजावून सांगणारं माणूस इथे यायला इतकी वर्षं का लागली? त्याचं बरंचसं उत्तर 1835 च्या एका निर्णयात सापडतं.

त्याआधीची हकीकत थोडक्यात. शहरातली चर्चच्या आवारातली दफनं गर्दीची आणि रोगट झाली होती. 1825 मध्ये एका डॉक्टरने गावाबाहेर, झाडीत दफनभूमी करण्याची कल्पना मांडली. हा डॉक्टर वनस्पतिशास्त्राचाही अभ्यासक होता, बॉस्टन परिसरातल्या वनस्पतींवर त्याचं पुस्तक होतं. पॅरिसमध्ये 1804 साली सुरू झालेल्या पेर लाशेझ या दफनभूमीचा नमुना डोळ्यांसमोर होताच. 1829 मध्ये बॉस्टनला उद्यानविद्या संस्था स्थापन झाली. तिला प्रयोगांसाठी बाग हवी होती, पण जमिनीला पैसे नव्हते. डॉक्टरकडे कल्पना होती, पण तिला संस्थेचं पाठबळ नव्हतं. दोघांची गाठ पडली. 72 एकर जमीन 6000 डॉलरला ठरली आणि शंभर कुटुंबांनी प्रत्येकी 60 डॉलर देऊन 300 चौरस फुटांचा एकेक तुकडा घ्यायचा, असा हिशेब बसवला. 24 सप्टेंबर 1831 रोजी तिथल्याच एका खोलगट, झाडांनी वेढलेल्या जागेत उद्घाटन झालं.

रस्त्यांची आखणी संस्थेच्या पहिल्या अध्यक्षांनी केली. उंचसखल जमीन सपाट न करता तिच्या वळणांवरूनच रस्ते नेले. गाडीरस्त्यांना झाडांची नावं दिली, पायवाटांना फुलांची आणि झुडपांची. म्हणजे पत्ता सांगायचा तरी वनस्पतीचं नाव घ्यावंच लागे. शेजारच्या पट्ट्यात प्रयोगबाग सुरू झाली, माळी नेमला गेला, बाहेरून आलेलं बियाणं तिथे रुजू लागलं. माळीकाम शास्त्रशुद्ध शिकवणारं विद्यालय काढायचाही बेत होता.

आणि मग 1835. तुकडा घेणाऱ्यांची संख्या वाढत गेली तशी एकाच छताखाली दोन वेगळ्या गरजांची माणसं आली. एकीकडे घरचं माणूस इथे ठेवलेली कुटुंबं. त्यांना कुंपण हवं होतं, रस्ते हवे होते, आणि आपण दिलेला पैसा कबरींच्या देखभालीलाच लागेल याची खात्री हवी होती. दुसरीकडे बागायतीची आवड असलेले सभासद. त्यांना फळझाडं, भाज्या, नवी रोपं यांत रस होता. तोडगा निघाला तो फारकतीचा. दफनभूमीचं स्वतंत्र मंडळ कायद्याने स्थापन झालं, जमीन आणि प्रयोगबाग त्याच्याकडे गेली. बदल्यात तुकड्यांच्या विक्रीतून व्यवस्थापनाच्या खर्चापोटी वर्षाला 1400 डॉलर वजा करायचे आणि उरलेल्या रकमेचा चौथा हिस्सा उद्यानविद्या संस्थेला द्यायचा, असं ठरलं.

हा निर्णय सहसा सामोपचाराचा म्हणून सांगितला जातो, आणि पैशाच्या बाजूने पाहिलं तर तो तसाच होता. त्या चौथ्या हिश्श्यावर संस्था वर्षानुवर्षं भरभराटीला आली. शहरात तिचं सभागृह उभं राहिलं, फुलाफळांची प्रदर्शनं भरू लागली. कुटुंबांचं म्हणणंही रास्त होतं. आईच्या कबरीपलीकडे कोबीचे वाफे असावेत, हे कुणाला रुचलं असतं? पण या वाटणीत एक गोष्ट कुणाच्याच वाट्याला आली नाही, ती म्हणजे शिकवण्याची जबाबदारी. प्रयोगबाग मोडली, तिची जमीनही पुढे कबरींसाठी विकली गेली. माळी-विद्यालयाचा बेत कागदावर राहिला. झाडं तिथेच राहिली, वाढली, त्यांत भरही पडली. पण ही झाडं कुठली, ती इथे का लावली, हे येणाऱ्याला सांगणं कुणाचं काम उरलं नाही. माझ्या मते माउंट ऑबर्नच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं नुकसान हे आहे, आणि स्मारकांच्या कौतुकात ते झाकलं जातं.

उलट्या दिशेने घडलेला असाच एक किस्सा मुंबईचा आहे. शिवडीला एका कृषी-उद्यानविद्या संस्थेची बाग होती. 1860 च्या दशकात तिथे ख्रिस्ती दफनभूमी झाली आणि बागेचा वारसा भायखळ्याच्या राणीच्या बागेकडे गेला. माउंट ऑबर्नला दफनभूमीतून बाग गेली, शिवडीला बागेच्या जागी दफनभूमी आली.

लोक मात्र माउंट ऑबर्नला येतच राहिले. शहरात सार्वजनिक उद्यानं फारशी नव्हती, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी इथे गर्दी उसळे. मग नियम आले: घोड्यावर बसून आत यायचं नाही, गाडी फक्त तुकड्याच्या मालकाची, तीही तिकिटावर. रविवारी मालकांना आणि त्यांच्यासोबत आलेल्यांनाच प्रवेश. फूल तोडायचं नाही, मग ते लावलेलं असो की रानचं. नकाशे आणि कोरीव चित्रं असलेल्या खिशात मावणाऱ्या मार्गदर्शिका विकल्या जात. त्या वाचत लोक आपले आपण फिरत. त्यांत भर असे तो स्मारकांवर.

तेही स्वाभाविक होतं. बॉस्टनचं ललितकला संग्रहालय उघडलं 1876 मध्ये. तोवर सामान्य माणसाला चांगलं शिल्प जवळून पाहायला मिळायचं ते इथेच. नौकानयनाच्या गणितासाठी प्रसिद्ध असलेल्या एका विद्वानाचा 1847 चा बसलेला पुतळा अमेरिकेत ओतलेला पहिला पूर्णाकृती ब्राँझ मानला जातो. ओतकाम टिकलं नाही म्हणून 1886 मध्ये तो पॅरिसहून पुन्हा ओतून आणला. यादवी युद्धातल्या मृतांसाठी 1872 मध्ये ग्रॅनाइटचा स्फिंक्स बसवला, तो त्याच मूळ कल्पना मांडणाऱ्या डॉक्टरच्या आग्रहाने. स्फिंक्सच्या मस्तकावर अमेरिकेचा गरुड आहे आणि चौथऱ्यावर दोन जलपुष्पं कोरली आहेत, इजिप्तचं कमळ आणि अमेरिकेतल्या तळ्यांत फुलणारी पांढरी कुमुदिनी. वनस्पतिशास्त्र जाणणाऱ्या माणसालाच सुचावी अशी ही जोडी. साध्या कबरींवरही हेच दिसतं. लहान मुलाच्या दगडावर देठ मोडलेली गुलाबकळी, चिरनिद्रेसाठी अफूची बोंडं, शोकासाठी विलो. झाड ओळखता आलं नाही तर दगडही अर्धाच वाचला जातो. फेऱ्यांमध्ये दोन्ही एकत्र दाखवण्याचं कारण हे आहे.

एका शिल्पापाशी मराठी वाचकाने थांबावंच. आरोग्यदेवता हायजियाचा हा संगमरवरी पुतळा एका स्त्री-डॉक्टरच्या कबरीवर आहे. 1847 मध्ये हार्वर्डने तिला वैद्यकीय व्याख्यानांना बसू दिलं नव्हतं. दफनभूमीची कल्पना मांडणारा तो डॉक्टर तेव्हा तिथेच प्राध्यापक होता. पुतळा घडवला तो कृष्णवर्णीय आणि ओजिब्वे या अमेरिकी मूलनिवासी वंशाच्या एका शिल्पकर्तीने, रोममध्ये राहून. ऊनपावसाने तो बराच झिजला आहे. आपल्या आनंदीबाई जोशींच्या अस्थी ज्या दफनभूमीत आहेत, ती न्यूयॉर्क राज्यातली पोकिप्सीची जागाही याच परंपरेतली, 1850 च्या दशकात गावाबाहेर झाडीत वसवलेली.

पुढचा मोठा काळ ओहोटीचा. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कसारखी खरी उद्यानं झाली, गर्दी तिकडे वळली. दफनभूमीतही हिरवळ सलग आणि मोकळी ठेवण्याची रीत आली, तुकड्यांभोवतीची लोखंडी कुंपणं निघाली. 1938 च्या वादळात शेकडो झाडं आडवी झाली. या सगळ्यात नित्यनेमाने येत राहिले ते पक्षीनिरीक्षक, कारण मे महिन्यात उत्तरेकडे निघालेले वटवटे हे छोटे पक्षी वस्तीच्या वेढ्यातल्या या झाडीत उतरतात.

आजच्या फेऱ्यांना पाया मिळाला तो 1980 च्या दशकात. 1986 मध्ये जागेच्या जतनासाठी आणि शिक्षणासाठी वेगळा न्यास झाला. 1835 मध्ये सुटलेलं काम दीडशे वर्षांनी पुन्हा कुणीतरी अंगावर घेतलं. 1993 च्या आराखड्याने 175 एकरांतल्या कुठल्या भागाचं रूप कसं राखायचं हे ठरवलं. उद्घाटन झालं होतं त्या खोलगट जागेत स्थानिक झाडंझुडपं पुन्हा लावली गेली. तिथल्या तळ्यात ठिपक्यांचे सॅलॅमँडर, म्हणजे पालीसारखे दिसणारे उभयचर, अंडी घालतात. 2003 मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा आला. 2014 पासून निवासी कलावंतही येऊ लागले.

फेऱ्यांमुळे एक जुना पेच उघड झाला आहे, आणि मार्गदर्शक तो लपवत नाहीत. जुन्या झाडांच्या सावलीत दगड ओलसर राहतो, त्यावर दगडफूल चढतं, मुळं चौथरे उचलतात, वादळात फांदी थेट संगमरवरावर येते. शिल्प वाचवायचं तर झाड छाटावं लागतं, झाड राखायचं तर दगडाची झीज सोसावी लागते. हा निर्णय आज प्रत्येक कबरीपाशी वेगळा घेतला जातो. बागकामाची आणि स्मारक-जतनाची माणसं एकाच संस्थेत असल्यामुळे तो निदान समोरासमोर बसून घेता येतो.